कॅन्सरचा उपचार आणि मित्रांचा गोतावळा : नागपुरातील रुग्णाने मदतीची आखणी कशी करावी

निदानाची बातमी कळल्यावर भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस निघताना 'काही लागलं तर सांग' असे म्हणतो आणि ते मनापासूनच म्हणतो; पण नेमके काय लागणार आहे हे त्या क्षणी रुग्णाला ठाऊक नसते, आणि ठाऊक होते तेव्हा मागायला जीभ रेटत नाही. पहिल्या पंधरवड्यात घरात फळांचा ढीग साचतो आणि चौथ्या महिन्यात सकाळी रक्ततपासणीला सोबत यायला कोणी मोकळे नसते. माणसे वाईट असतात म्हणून असे होत नाही. मदत करण्याची इच्छा भरपूर असते, पण तिची आखणी कोणी केलेली नसते. ती आखणी उपचार सुरू होण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत कशी करावी आणि पुढे ती कशी टिकवावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

सुरुवातीलाच एक विभागणी पक्की करावी. उपचाराचे निर्णय रुग्णाने आणि त्याच्या डॉक्टरांनी घ्यावेत, कामे मित्रांनी उचलावीत आणि ज्यांनी हाच उपचार भोगला आहे त्यांच्या अनुभवासाठी ऑनलाइन समूहाकडे जावे. मित्र औषधे सुचवू लागले किंवा ऑनलाइन भेटलेले लोक केमो घ्यावी की नाही हे ठरवू लागले, की मदतीचे ओझे होते.

पहिली पायरी : आधी फाइल, मग फोन

मित्रांना कामाला लावण्यापूर्वी रुग्णाची कागदपत्रे एका जागी असावीत. बायोप्सीचा अहवाल, सीटी किंवा पेट स्कॅनचा अहवाल आणि त्याची सीडी, रक्ताचे अहवाल, आधीच्या आजारांची व चालू औषधांची यादी, रेशन कार्ड आणि आधार कार्ड यांच्या प्रती तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा नमुना जपलेले मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेकडे असतात व ते मागून घेता येतात, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. दुसरे मत घ्यायचे असेल तर केवळ छापील अहवाल पुरत नाही, दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्या काचपट्ट्या स्वतः पाहतो.

नागपुरात उपचाराची सोय एकाच ठिकाणी एकवटलेली नाही. मानेवाडा मार्गावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधील एम्स, ज्याला सगळे नुसते 'मेडिकल' म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि काही खासगी रुग्णालये असे पर्याय आहेत. कोठे जावे हे आजाराचा प्रकार, घरापासूनचे अंतर आणि खर्च पाहून ठरवावे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय व नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातील कॅन्सर रुग्णालयांचे जाळे) यांच्या तज्ज्ञांचे मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मागवता येते, त्यामुळे केवळ दुसऱ्या मतासाठी मुंबई गाठण्याची घाई करण्याचे कारण राहिलेले नाही.

उपचाराची योजना समजून घ्यायला जाताना एक मित्र वही घेऊन सोबत न्यावा. निदानाच्या धक्क्यात रुग्णाच्या आणि जोडीदाराच्या कानावरून अर्धे बोलणे निघून जाते. टिपण घेणारा माणूस घरातला नसलेला बरा. वहीत पाच गोष्टींची उत्तरे यावीत: आजाराचा नेमका प्रकार आणि टप्पा कोणता, उपचाराचा हेतू आजार पूर्ण बरा करण्याचा आहे की आटोक्यात ठेवण्याचा, क्रम काय आणि एकूण काळ किती, खर्चाचा अंदाज किती, आणि रात्री-बेरात्री त्रास झाला तर फोन कोणत्या क्रमांकावर करायचा.

दुसरी पायरी : एकच समन्वयक

मित्रमंडळींपैकी एकाने, आणि एकानेच, समन्वयकाचे काम घ्यावे. तो सर्वांत जवळचा मित्र असलाच पाहिजे असे नाही; किंबहुना सर्वांत जवळचा मित्र अनेकदा स्वतःच इतका हादरलेला असतो की त्याला हे काम देऊ नये. यादी करणारा, वेळ पाळणारा आणि लोकांना न दुखावता 'नाही' म्हणू शकणारा माणूस हवा. ऑफिसातला एखादा सहकारी, भिशीतली मैत्रीण किंवा शाळेचा वर्गमित्र हे काम सख्ख्या भावापेक्षा चांगले करतो, कारण भावाला आईलाही सांभाळायचे असते.

समन्वयकाने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन वेगवेगळे गट करावेत. पहिला गट मोठा असावा, त्यात सगळे नातेवाईक व परिचित असावेत आणि फक्त अ‍ॅडमिनच संदेश टाकू शकेल अशी त्याची मांडणी असावी; तेथे आठवड्यातून एकदा प्रकृतीची बातमी जावी. दुसरा गट आठ-दहा जणांचा, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा असावा. मोठ्या गटात सर्वांना बोलू दिले तर पहिल्याच दिवशी फुलांची चित्रे, सुविचार आणि कोणाच्या तरी मावसभावाने घेतलेल्या काढ्याची कृती यांची रांग लागते, हे आपण सगळे जाणतो. मोठ्या गटातला संदेश साधारण असा असावा:

'दुसरी केमो काल झाली. मळमळ आहे, बाकी ठीक. पुढचे दोन आठवडे कृपया भेटायला येऊ नये, पांढऱ्या पेशी कमी होण्याचा काळ आहे. फोन रुग्णाला न करता मला करावा. पुढची बातमी रविवारी.'

कोणती माहिती बाहेर जाईल हे मात्र रुग्णाने ठरवायचे. टप्पा, अहवालाचे फोटो, केस गेलेल्या अवस्थेतले छायाचित्र यांपैकी काहीही त्याच्या स्पष्ट होकाराशिवाय कोणत्याही गटात टाकू नये.

तिसरी पायरी : कामे नावानिशी वाटणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. छोट्या गटात 'कोणी येऊ शकेल का?' असे विचारू नये, कारण सर्वांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नाही. काम, वार, वेळ आणि माणूस या चारही गोष्टी ठरलेल्या असाव्यात.

ने-आण करणे हे सर्वांत मोठे काम. केमो बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने असते आणि डे केअरमध्ये त्या दिवशी सकाळ ते संध्याकाळ जाते. त्याआधी एक-दोन दिवस सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशी मोजण्याची तपासणी असते आणि पेशी कमी आढळल्या तर केमो पुढे ढकलली जाते, त्यामुळे सोबत येणाऱ्याने सुट्टी टाकण्यापूर्वी अहवालाची वाट पाहावी. किरणोपचाराचे गणित वेगळे आहे. ते सोमवार ते शुक्रवार रोज असतात. तोंड व घशाच्या कॅन्सरमध्ये बहुधा सहा ते सात आठवडे चालतात, स्तनाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा तीन आठवड्यांत आटोपतात. प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचेच असतात, पण रांगेसह दोन-तीन तास जातात, आणि मधले दिवस चुकवल्याने उपचाराचा परिणाम घटतो. म्हणून येथे वारांप्रमाणे पाच माणसे ठरवावीत आणि एक राखीव ठेवावा. जामठ्याला जाणाऱ्यांनी तेथील क्रिकेट स्टेडियमवर सामना कधी आहे ते आधी पाहून ठेवावे, कारण त्या दिवशी वर्धा मार्ग तुंबतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे रस्ते टाळावेत. मेट्रो खापरीपर्यंत सोयीची आहे, पुढे ऑटो करावा लागतो. मात्र केमोनंतर परतताना गर्दीच्या डब्यातून येणे टाळावे.

उन्हाळ्यात किरणोपचार चालू असतील तर वेळ सकाळची मागून घ्यावी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि किरण दिलेली त्वचा आधीच भाजल्यासारखी नाजूक झालेली असते. त्या भागावर मऊ सुती दुपट्टा सैल घ्यावा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर, तेल किंवा मलम लावू नये आणि त्वचेवर केलेल्या खुणा घासून पुसू नयेत. घरातल्या कूलरचे पाणी वरचेवर बदलून टाकी घासण्याचे काम एखाद्या तरुण मित्राला नेमून द्यावे. ते कंटाळवाणे आहे, पण साचलेल्या पाण्यात डास होतात आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आधीच कमी असलेल्या माणसाला डेंग्यू परवडत नाही.

रक्तदात्यांची यादी पहिल्याच आठवड्यात करावी. मित्रांचे रक्तगट, वजन, शेवटच्या रक्तदानाची तारीख आणि फोन क्रमांक लिहून ठेवावेत. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते, म्हणून सगळ्यांनी उत्साहाने एकाच दिवशी रक्त देऊन टाकणे शहाणपणाचे नाही. प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात. यंत्राद्वारे एकाच दात्याकडून प्लेटलेट्स घेण्याची सोय असलेल्या रक्तपेढ्या कोणत्या, हे आधीच विचारून ठेवावे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या नातेवाइकांनी रुग्णाला रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. अशा वेळी मित्रांचे रक्त विशेष मोलाचे ठरते.

जेवणाच्या डब्याबाबत प्रेम आणि मसाला दोन्ही आवरावे लागतात. तोंड आलेल्या माणसाला सावजी रस्सा चालत नाही हे उघड आहे, पण नागपूरकराला पटायला जड जाणारी गोष्ट अशी की संत्र्याचा आंबट रसही तोंडातल्या फोडांना झोंबतो. भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी, साधे वरण, दूध-केळे, रव्याची खीर, पूर्ण शिजलेले अंडे, ताजे घरचे दही असे पदार्थ थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावेत. पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरचा उसाचा रस, बर्फ, चिरून ठेवलेली फळे, पाणीपुरी आणि कच्ची मोड आलेली कडधान्ये बंद ठेवावीत. डबा देणाऱ्यांनी गटात आदल्या दिवशी पदार्थ कळवावा, नाहीतर एकाच दुपारी चार घरची खिचडी येते.

मुलांची शाळेची ने-आण, म्हाताऱ्या आईची औषधे, विजेचे बिल, गॅसचा नंबर ही कामे लहान वाटतात आणि म्हणूनच राहून जातात. ज्यांना रुग्णालयाचे वातावरण सोसत नाही, अशा मित्रांना ती द्यावीत. बाहेरगावच्या मित्रांनाही काम असते: विम्याचे कागद भरणे, फाइल स्कॅन करून तारखेनुसार लावणे, दर शनिवारी संध्याकाळी फोन करून आजाराखेरीज इतर कशावरही बोलणे.

चौथी पायरी : तापाचा दिवस

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरला, तर ती आणीबाणी समजावी. घरच्या घरी तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. आधी रुग्णालयाला फोन करावा आणि लगेच निघावे. थंडी वाजून येणे, धाप लागणे, न थांबणारी उलटी किंवा जुलाब, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त येणे, गोंधळल्यासारखे वागणे, ही लक्षणेही याच वर्गात मोडतात. रात्री दोन वाजता गाडी काढू शकणारे दोन मित्र आधीच ठरलेले असावेत आणि त्यांचे फोन रात्री मूक नसावेत. फ्रिजवर एक कागद चिकटवावा: रुग्णाचे नाव, आजार, चालू औषधे, शेवटच्या केमोची तारीख, रुग्णालयाचा आपत्कालीन क्रमांक.

सर्दी-खोकला असलेल्या मित्राने या दिवसांत येऊ नये. एरवी मात्र घाबरण्याचे कारण नाही. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही, रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याची गरज नाही आणि बाहेरून दिलेल्या किरणोपचारांमुळे रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. नातवाने मांडीवर बसायला हरकत नाही. केमोनंतर साधारण दोन दिवस उलटी वा लघवी साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, एवढी काळजी पुरे.

खर्रा खाणारे मित्र

विदर्भात हा विषय टाळून मार्गदर्शन पूर्ण होणार नाही. तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाचे मित्र बहुधा त्याच पानठेल्यावरचे असतात, आणि धीर द्यायला आलेल्याच्या खिशात खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पुडी असते. उपचार चालू असताना तंबाखू सुरू राहिली तर जखमा उशिरा भरतात, किरणोपचाराचा परिणाम कमी होतो आणि पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून रुग्णासमोर पुडी काढायची नाही, हा नियम समन्वयकाने स्पष्ट शब्दांत सांगावा; त्यात लाजण्यासारखे काही नाही. रुग्णासोबत एखाद्या मित्राने खर्रा सोडला तर त्याच्याइतकी मदत दुसरा कोणी करू शकत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. अशा रुग्णाने किरणोपचारापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी आणि तोंड उघडण्याचे व्यायाम नेमाने करावेत. तेही मित्रांनी समोर बसून करवून घ्यावेत, कारण दुखत असताना ते एकट्याने होत नाहीत.

पाचवी पायरी : ऑनलाइन समूहात कसे वावरावे

मित्र कितीही जवळचे असले तरी केमोच्या तिसऱ्या दिवशी तोंडाला येणारी धातूसारखी चव त्यांना माहीत नसते. ती माहीत असलेली माणसे ऑनलाइन भेटतात, आणि गोंदिया किंवा गडचिरोलीच्या ज्या गावात दुसरा रुग्ण कोणी उघडपणे बोलत नाही, तेथल्या माणसासाठी तर हा मोठाच आधार असतो.

समूह निवडताना तो शक्यतो एका प्रकारच्या कॅन्सरचा असावा. सामील झाल्यावर आठवडाभर नुसते वाचावे. चालवणारे कोण आहेत हे सांगितलेले आहे का, औषधांची विक्री चालते का, कोणी 'केमो सोडा' म्हटले तर त्याला कोणी अडवते का, दुसऱ्याचे अहवाल उघड्यावर टाकले जातात का, एवढे पाहिले तरी समूहाचा दर्जा कळतो. जेथे रुग्णांना एकट्याने गाठून काही विकण्याचा प्रयत्न होतो, तेथून निघावे. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणे १९५४च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याने निषिद्ध आहे; म्हणून 'गॅरंटी' हा शब्द दिसला की पुढचे वाचायची गरज नाही.

प्रश्न विचारण्याचीही रीत असते. 'केमो करावी का?' हा प्रश्न समूहाचा नाही, डॉक्टरांचा आहे. 'तोंड आले असताना तुम्ही काय गिळू शकत होता?', 'केस जायला लागल्यावर लहान मुलांना कसे सांगितले?', 'पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले उपकरण) बसवल्यावर कुशीवर झोपता येते का?' हे प्रश्न समूहाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे तेथे जितकी चांगली मिळतात तितकी दवाखान्याच्या गर्दीत मिळत नाहीत. दुसऱ्याचा उपचार मात्र आपल्याला लावून पाहू नये. स्तनाच्या कॅन्सरचेच पाहा: एकाच टप्प्यातल्या तीन स्त्रियांच्या गाठींत संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन वेगवेगळे आढळू शकते, आणि त्यानुसार एकीला ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचे औषध लागते, दुसरीला वर्षानुवर्षे गोळ्या, तिसरीला यातले काहीच नाही. काढे, गिलोय, पपईच्या पानांचा रस यांविषयी तेथे काही वाचले तर वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. काही वनस्पतींचा यकृतावर परिणाम होतो आणि त्यामुळे केमो थांबवावी लागू शकते.

समूहात एक कठीण गोष्टही अटळ आहे. रोज लिहिणारे कोणीतरी एक दिवस लिहीनासे होते, मग त्यांच्या घरच्यांचा संदेश येतो. अशा वेळी समूह काही आठवडे बंद ठेवण्याचा किंवा सोडण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. त्यात कोणाशी बेइमानी नाही. रात्री झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा) मराठीतही बोलता येते. जोडीदाराने शक्यतो रुग्णाच्या समूहात न राहता काळजी घेणाऱ्यांच्या वेगळ्या समूहात राहावे, म्हणजे दोघांनाही मोकळे बोलता येते.

सहावी पायरी : पैसा

वर्गणी काढण्यापूर्वी हक्काची मदत संपवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे; योजनेतील रुग्णालयात रुग्णांना मार्गदर्शन करणारा आरोग्यमित्र बसतो, त्याला भरती होण्यापूर्वी भेटावे आणि आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारावे. १५५३८८ हा योजनेचा क्रमांक आहे. उपचारासाठी रेल्वेने प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला शयनयान व थर्ड एसीत भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी विहित नमुन्यातले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याहून वरचेवर येणाऱ्यांसाठी ही रक्कम लहान नाही. एसटीच्या सवलतीची चौकशी आगारात करावी.

तरीही वर्गणी लागलीच, तर रुग्णालयाच्या शिक्क्याचे अंदाजपत्रक जोडावे, पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत आणि समन्वयकाखेरीज दुसऱ्या मित्राने हिशेब ठेवावा. आधार किंवा रेशन कार्डाचा फोटो कोठेही उघडा टाकू नये. दर महिन्याला जमाखर्च छोट्या गटात मांडला की कोणाच्या मनात किंतु उरत नाही.

सातवी पायरी : उपचार संपल्यावर

शेवटची केमो झाली की मित्रांना वाटते काम संपले, आणि नेमक्या त्याच काळात रुग्णाला थकवा, हातापायांची बधिरता आणि आजार परतण्याची भीती एकदम जाणवू लागते. पहिली दोन वर्षे बहुधा दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहा महिन्यांनी तपासणी असते. प्रत्येक तपासणीसाठी एक सोबती आधीच नेमावा, कारण अहवालाच्या आदल्या रात्री एकट्याने बसणे कठीण जाते. मोठा गट या टप्प्यावर बंद करावा. छोटा गट ठेवावा, पण त्यात प्रकृतीची विचारपूस रोज नको. रुग्णाला आता फुटाळा तलावावर फिरायला नेणारे मित्र हवे असतात. समन्वयकाने उपचाराचा सारांश, दिलेल्या औषधांची मात्रा आणि किरणोपचाराचा तपशील रुग्णालयातून लेखी घेऊन फाइलमध्ये लावावा, आणि रक्तदात्यांची यादी, दात्यांना विचारून, त्याच वॉर्डात नव्याने दाखल झालेल्या कुटुंबाकडे द्यावी.